सर्पगंधेचे वकील

डॉ. रुस्तम जाल वकील हे नाव आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या कानावर सहसा पडत नाही. मेडिकलच्या एखाद्या मित्राला विचारलंत, तर गोलवालांसोबत त्यांनी लिहिलेल्या रोगनिदानाच्या पुस्तकाचं नाव तो सांगेल. मला मात्र त्यांच्याबद्दल लिहायचंय ते एका मुळीसाठी.

जन्म १९११ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. लंडनला डॉक्टरी शिकून ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयरोग्यांना तपासू लागले. तो काळ कसा होता बघा! रक्तदाब वाढला तर डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसायचं. मीठ कमी करा, पडून राहा, झोपेच्या गोळ्या घ्या. अगदीच हाताबाहेर गेलं तर सर्जन रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसाच कापून टाकत. एवढी भयंकर शस्त्रक्रिया, पण पर्याय नव्हता.

सर्पगंधा आपल्याकडे शेकडो वर्षं माहीत होती. बिहारकडे तर तिला सरळ वेडाची दवाच म्हणत. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्येच तिच्या मुळीने वेडही शमतं आणि रक्तदाबही उतरतो असं लिहून ठेवलं होतं. पण बाहेरच्या जगाने ते मनावर घेतलं नाही. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणून छाती फुगवणं सोपं असतं. वकिलांनी ते केलं नाही. त्यांनी मुळीच्या गोळ्या दिल्या, रुग्णांचे रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजले, ५० रुग्णांच्या नोंदी नीट मांडल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. बहुतेकांचा दाब उतरला होता. आपण लॅबमध्ये रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो, तेव्हा हा माणूस आठवावा!

त्या लेखानंतर चक्रं फिरली. बोस्टनचे डॉक्टर विल्किन्स यांनी मुळी वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातला गुणकारी पदार्थ वेगळा काढला, त्याचं नाव रिसर्पिन. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांना दिला.

पण ही मुळी करते तरी काय? इथे मला माझं गाव उपयोगी पडलं. मी भिवंडीजवळच्या वळचा. आमच्याकडे भातशेती गेली आणि गोदामं आली, गाळ्याला गाळा लागून. आता मेंदूतल्या चेतापेशी घ्या. आपल्याला वाटतं त्या वायरीसारख्या जोडलेल्या असतील, पण बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये फट असते, मिलिमीटरचा साधारण पन्नास हजारावा भाग. तिथल्या जोडाला सायनॅप्स म्हणतात. विजेचा संदेश पेशीच्या टोकापर्यंत येतो आणि तिथल्या बारीक पिशव्या फुटून रसायन फटीत सांडतं. समोरची पेशी ते ओळखते आणि संदेश पुढे जातो. पिशव्या म्हणजे आमचे गाळे. त्यांच्या भिंतीत माल आत भरणारी प्रथिनं असतात, आमच्याकडच्या माथाडींसारखी. रिसर्पिन नेमकं त्यांनाच अडवतं. माल बाहेर पडून राहतो आणि पेशीतली एन्झाइमं त्याची वाट लावतात. मग ऑर्डर आली, गाळा उघडला, तर आत काहीच नाही! रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसांमधलं नॉरअ‍ॅड्रेनालिन असं संपतं आणि दाब उतरतो. सर्जन जे सुरीने करत होते ते एका मुळीने केलं.

हे प्रथिनाचं कोडं पुष्कळ नंतर सुटलं. पण १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रिसर्पिनने मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे मातीच्या गोळ्यासारखे निपचित पडले. मग त्यांना लेवोडोपा टोचलं, आणि ते पुन्हा हिंडू लागले! मेंदूत डोपामिन स्वतःच संदेश नेतं हे त्यातून पुढे आलं, कंपवाताचा उपचार त्यातून निघाला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. माझ्या आजीच्या गोळ्यांच्या डबीत आज तेच लेवोडोपा असतं. तिचा हात थांबला की ती स्वतः चहाचा कप उचलते. आमच्या घरात याहून मोठी बातमी नसते.

याची दुसरी बाजूही आहे. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल उदासीत गेले. मनाची अवस्था आणि ही रसायनं यांचा संबंध शोधण्याला त्यातूनच जोर आला, जरी तो संबंध सुरुवातीला वाटला तितका सरळ निघाला नाही.

वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं, क्लाइन यांच्यासोबत. पुढच्या वर्षी पद्मभूषण. ते मेंदूचे शास्त्रज्ञ नव्हते, सायनॅप्स हा त्यांचा विषयही नव्हता. ते रक्तदाब मोजत राहिले. १९७४ मध्ये ते गेले. रिसर्पिन आता क्वचितच कुणाला दिलं जातं, त्याहून चांगली औषधं आली. आणि सर्पगंधा जंगलातून इतकी उपटली गेली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.