रक्ताची वाट शोधणारे डॉ. सेन

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या ज्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, त्याच संस्थेच्या केईएम रुग्णालयात पुढे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेची भक्कम परंपरा उभी केली. १९१५ साली कोलकाता येथे जन्मलेल्या सेन यांची कर्मभूमी मुंबई ठरली.

त्या काळी हृदय उघडणे जितके अवघड, तितकेच रक्ताला सांभाळणे अवघड होते. रक्तवाहिन्यांचे जिवंत अस्तर रक्ताला गोठू देत नाही. मात्र यंत्राच्या नळीचा स्पर्श होताच रक्तातील प्रथिने तिला चिकटतात, बिंबिका गोळा होतात आणि गुठळी धरते. म्हणूनच हृदय-फुप्फुस यंत्र वापरताना हेपॅरिन द्यावे लागते; शिवाय पंपाच्या ताणाने तांबड्या पेशी फुटतात, ते वेगळेच.

सेन यांनी निसर्गाकडे पाहिले. सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या कप्प्यातील रक्त थेट स्नायूत झिरपते. त्यावरून त्यांनी हृदयाच्या भिंतीत सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून उपाशी स्नायूला रक्त पोचविण्याची पद्धत सुचविली. १९६५ साली ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आत कोणतीही परकी वस्तू ठेवायची नव्हती. तरीही रक्त गोठून आणि जखम भरून अशा वाटा बुजतात, असे पुढील अभ्यासांत आढळले. याच कल्पनेतून नंतर लेसरने छिद्रे पाडण्याचे उपचार आले.

डिसेंबर १९६७ मध्ये डॉ. बर्नार्ड यांनी केपटाऊनला पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी केईएममध्ये भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही यशस्वी झाला नाही. देशात यशस्वी हृदयरोपणासाठी १९९४ साल उजाडावे लागले.

१९६९ मध्ये पद्मभूषणने गौरविलेले सेन चित्रकार आणि कवीही होते. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९० साली तिरुअनंतपुरम येथे भारतीय बनावटीची चित्रा झडप प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. तरीही यांत्रिक झडप बसविलेल्या रुग्णाला आजही रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ज्या रक्ताशी सेन झुंजले, त्याने परक्या वस्तूला अजून पुरते आपलेसे केलेले नाही.