जुळ्यांची आई : मेरी स्लेसर

आजच्या नायजेरियाच्या आग्नेय टोकाला, कॅमेरूनच्या सीमेजवळ, कलाबार नावाचे एक जुने बंदर आहे. क्रॉस नदी आणि तिच्या अनेक खाड्या या भागातून समुद्राकडे वाहत जातात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इथल्या एखाद्या झोपडीत बाळंतिणीला जुळे झाले, की घरात आनंद होत नसे. बायका किंचाळत बाहेर पळत. दोन मुलांपैकी एकाचा बाप माणूस नसून दुष्ट आत्मा आहे, अशी लोकांची ठाम समजूत होती. ते मूल कोणते हे ओळखता येत नसल्यामुळे दोघांनाही मातीच्या मडक्यात कोंबून रानात टाकले जाई. मुंग्या आणि जनावरे उरलेले काम करीत. आईला गावातून हाकलून देत आणि रानातच तिचा शेवट होई.

ही केवळ क्रौर्याची गोष्ट नव्हती, भीतीची होती. आजच्या त्याच नायजेरियात पश्चिमेकडे राहणारे योरुबा लोक जुळ्यांना शुभ मानतात, त्यांच्या लाकडी प्रतिमा करून जपतात. म्हणजे दोष माणसांच्या रक्तात नव्हता, मनात रुजलेल्या भयात होता. हे भय कमी करण्याचे काम एका गिरणीकामगार स्त्रीने जवळजवळ चाळीस वर्षे केले. तिचे नाव मेरी स्लेसर.

मेरीचा जन्म 2 डिसेंबर 1848 रोजी स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे झाला. सात भावंडांतली ती दुसरी. बाप चांभारकाम करी, पण दारूच्या आहारी गेलेला. आई विणकाम करणारी आणि मोठी श्रद्धाळू. पुढे हे कुटुंब डंडी शहरात आले. डंडी म्हणजे गिरण्यांचे गाव. बंगालच्या शेतांतला ताग जहाजे भरभरून तिथे उतरत असे. वयाच्या अकराव्या वर्षी मेरी अर्धवेळ कामगार म्हणून गिरणीत लागली. अर्धा दिवस यंत्रापाशी आणि अर्धा दिवस शाळेत. चौदाव्या वर्षी ती पूर्णवेळ विणकरीण झाली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असे कामाचे तास. मागाजवळ पुस्तक उघडे ठेवून ती काम करता करता वाचीत असे. बापाचा पगार गुत्त्यात जाई आणि घर या मुलीच्या कमाईवर चाले. पुढे बाप वारला, भाऊही वारले. उरल्या आई, मेरी आणि दोन बहिणी.

डंडीच्या गरीब वस्तीत ती संध्याकाळी मुलांचे वर्ग घेऊ लागली. तिथल्या उनाड पोरांना हा उपद्व्याप आवडला नाही. एकदा त्यांच्या म्होरक्याने दोरीला शिशाचे वजन बांधून ते तिच्या डोक्याभोवती गरगर फिरवायला सुरुवात केली. वजन कपाळाला घासून जाईल इतके जवळ आले, पण ती जागची हलली नाही. शेवटी पोराने दोरी टाकून दिली आणि सगळी टोळी तिच्या वर्गात येऊन बसली. पुढच्या आयुष्यात तिच्याजवळ याहून मोठे शस्त्र कधीच नव्हते.

1873 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत मरण पावला. तोही लहानपणी स्कॉटलंडच्या कापडगिरणीत राबलेला. त्याच्या मृत्यूच्या वार्तेने मेरीच्या मनातली जुनी इच्छा पक्की झाली. तिने आपल्या चर्चच्या परदेशी मिशनकडे अर्ज केला, एडिंबरोत थोडे शिक्षण घेतले आणि 5 ऑगस्ट 1876 रोजी ‘इथिओपिया’ नावाच्या जहाजातून ती निघाली. त्या वेळी तिचे वय 27 वर्षांचे होते. महिनाभराने ती कलाबारला पोचली.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुळ्यांच्या हत्येविरुद्ध पहिला शब्द मेरीने उच्चारला असे नाही. 1846 पासून कलाबारमध्ये मिशनचे काम चालू होते आणि त्या कामाची सुरुवात करणाऱ्यांपैकी काही जण जमेकाहून आलेले होते. 1878 साली ब्रिटिश वकिलाने स्थानिक प्रमुखांशी करारही केला आणि ही प्रथा बेकायदेशीर ठरवली. पण करार कागदावर राहतो आणि भय काळजात. कायदा झाला म्हणून बाळंतिणीच्या झोपडीतली किंकाळी थांबली नाही. मेरीने ओळखले, की या लोकांना हुकूम नको आहे, पुरावा हवा आहे. जुळे मूल जिवंत राहिले, मोठे झाले, हसले, खेळले आणि तरीही गावावर आभाळ कोसळले नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. तो पुरावा तिने आपल्या घरातच वाढवायला घेतला.

सुरुवातीची तीन वर्षे हिवतापाने तिला छळले. 1879 मध्ये तिला मायदेशी जावे लागले, पण पुढच्याच वर्षी ती परतली आणि ओल्ड टाउन नावाच्या वस्तीत एकटी राहू लागली. मिशनच्या इतर लोकांसारखा विलायती आहार तिने सोडून दिला आणि स्थानिक लोकांचेच अन्न ती खाऊ लागली. यात त्यागाचा देखावा नव्हता. पगारातला मोठा भाग आईला पाठवायचा होता, म्हणून ही काटकसर. पण त्याचा परिणाम असा झाला, की ती लोकांच्यातलीच एक झाली. एफिक भाषा तर ती इतकी सफाईने बोले, की तिचे विनोद आणि टोमणे ऐकून म्हातारे खदखदा हसत. लोक तिला ‘मा’ म्हणू लागले.

तिच्या घरात मुले जमू लागली. कुणी मडक्यातून उचलून आणलेले, कुणी आई मेल्यामुळे टाकून दिलेले, कुणी गुलाम बाईचे. अनाथाश्रम म्हटल्यावर आपल्यासमोर मोठी इमारत, फाटक आणि पाटी येते. इथे तसे काही नव्हते. मातीच्या भिंतीचे घर आणि जमिनीवर झोपलेली मुले. त्यांच्यातलीच एक जेनी. ती जुळ्यातली एक मुलगी, तिचा भाऊ वाचला नाही. मेरीने तिला आपल्या धाकट्या बहिणीचे नाव दिले. 1883 साली आजारपणामुळे मेरीला पुन्हा स्कॉटलंडला जावे लागले, तेव्हा जेनीला मागे ठेवण्याचा धीर तिला झाला नाही. ती चिमुकली सावळी मुलगी तिच्याबरोबर गेली.

त्या मुक्कामात आई आणि बहीण दोघींचीही प्रकृती ढासळत होती. त्यांची व्यवस्था लावून 1885 मध्ये मेरी परत आली आणि 1886 च्या आरंभी थोड्या अंतराने दोघीही गेल्याची बातमी तिला कलाबारमध्येच कळली. दुसरी बहीण आधीच गेली होती. जगात रक्ताचे असे जवळचे कुणी उरले नाही. दिवसभरातली लहानसहान गोष्ट ज्यांना लिहून कळवावी, ती माणसेच संपली. या पोकळीतूनच कदाचित तिने पुढचे मोठे पाऊल उचलले असावे. आता ती कुठेही गेली तरी तिची काळजी करणारे कुणी नव्हते.

ते पाऊल म्हणजे ओकोयाँगला जाणे. कलाबारच्या उत्तरेकडच्या या रानात परक्या माणसाचा निभाव लागत नसे. 1888 च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, पाच अनाथ मुलांना घेऊन ती नावेतून निघाली. नाव क्रीक टाउनच्या राजा एयोने दिली होती. नावेतून उतरल्यावर चिखलातून आणि काळोखातून मुलांना कधी कडेवर घेत, कधी गाण्यांनी धीर देत ती एकेंगे गावी पोचली. पुढची सुमारे पंधरा वर्षे तिने या लोकांत काढली.

इथे आणखी एक प्रथा होती. कुणी मेले, की ते चेटकाने मेले असे धरून संशयितांना ‘दिव्य’ करायला लावत. एसेरे नावाच्या विषारी बियांचे पाणी पाजायचे. उलटी होऊन वाचला तो निर्दोष आणि मेला तो अपराधी. (याच कलाबार बीपासून पुढे शास्त्रज्ञांनी फायसोस्टिग्मिन हे औषध काढले आणि काचबिंदूवर ते वापरात आले. विष आणि औषध यांचे मूळ एकच असावे, हे निसर्गाचे कोडे आहे.) एकेंगेचा प्रमुख एडेम याचा तरुण मुलगा लाकडाच्या ओंडक्याखाली सापडून मेला, तेव्हा अनेक माणसांना बेड्या घालून या दिव्यासाठी आणले गेले. मेरीने मृताला उत्तम रेशमी वस्त्रे नेसवून, छत्री देऊन त्याचा असा सन्मान केला, की बापाचे मन निवळले. मग रात्रंदिवस ती कैद्यांजवळ बसून राहिली. भांडली, विनवण्या केल्या, पण हटली नाही. अखेर एकामागून एक कैदी सुटले. प्रमुखाच्या घरचे प्रेत माणसांच्या बळीविना पुरले गेले, ही त्या प्रदेशात नवीनच गोष्ट होती. पुढे देवीची साथ आली. मेरीने शेकडो लोकांना देवी टोचल्या, पण तोच एडेम साथीत सापडला. जवळ कुणी उरले नव्हते. तिने त्याची शुश्रूषा केली, स्वतःच्या हातांनी पेटी तयार केली, खड्डा खणला आणि त्याला मूठमाती दिली.

1892 साली ब्रिटिश सरकारने तिला ओकोयाँगची उपवकील नेमले आणि न्यायदानाचे काम तिच्याकडे आले. न्यायालय चालू असताना मांडीवर किंवा पाळण्यात एखादे मूल असेच.

तिच्याही आयुष्यात स्वतःच्या संसाराची एक वेळ आली होती. चार्ल्स मॉरिसन नावाच्या मिशनमधल्या तरुण शिक्षकाशी तिचा वाङ्‌निश्चय झाला. मेरीची अट एकच, त्याने ओकोयाँगला यावे. त्याची प्रकृती नाजूक असल्यामुळे मिशनने परवानगी नाकारली. मेरीने मुलांना आणि गावाला सोडून शहरात जायचे नाकारले. लग्न मोडले. याविषयी तिने कुढत बसून आयुष्य घालवले नाही, पण किंमत मोजली हे नाकारता येणार नाही.

आणि तिचे प्रत्येक मूल वाचले, असेही नाही. इये नावाच्या गुलाम स्त्रीला जुळे झाले, तेव्हा त्यांतली मुलगी मेरीने वाचवली आणि तिचे नाव सूझी ठेवले. ती सगळ्या घराची लाडकी होती. एके दिवशी उकळते पाणी तिच्या अंगावर सांडले. मेरीने तिला दिवस-रात्र मांडीवर घेतले, तरी ती गेली. मडक्यातून वाचलेले मूल घरातल्या पाण्याने जावे, यापरते दुर्दैव कोणते? तरीही दुसऱ्या दिवशी उरलेल्या मुलांना खाऊ घालायचेच होते आणि मेरीने ते केले.

1901-02 मध्ये ब्रिटिश फौजांनी आरो लोकांवर मोहीम काढली आणि आतला प्रदेश खुला झाला. मेरी पुन्हा निघाली. इटू, इकोट ओबोंग, उसे, इक्पे अशी नवी ठिकाणे. इटूला उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला तिचे नाव दिले गेले. पन्नाशी उलटल्यावर ती सायकल चालवायला शिकली आणि चालणे अशक्य झाल्यावर मुले तिला चाकांच्या वेताच्या खुर्चीतून ओढत नेऊ लागली. 13 जानेवारी 1915 रोजी उसे येथे, आपल्या मुलींच्या सान्निध्यात, ती वारली. तेव्हा तिचे वय 66 होते. नदीवाटे तिचा देह कलाबारला आणला गेला आणि सरकारी इतमामाने दफन झाले.

आज आपण तिच्याकडे पाहताना एक प्रश्न टाळू शकत नाही. ज्या साम्राज्याने तिला न्यायासनावर बसवले, तेच साम्राज्य त्या लोकांची भूमी ताब्यात घेत होते. तिच्या पाठोपाठ व्यापारी आले, अंमलदार आले, करही आले. मेरी त्या व्यवस्थेचा भाग होती, हे खरे आहे. पण 1960 साली नायजेरिया स्वतंत्र झाला, साहेबांच्या खुणा पुष्कळ गेल्या, तरी कलाबारमध्ये मेरीच्या नावाचा रस्ता राहिला आणि दोन तान्ही बाळे हाती घेतलेला तिचा पुतळा उभा राहिला. स्कॉटलंडमध्ये एका बँकेने 1997 मध्ये दहा पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र छापले. नोटेवरचा मान काही वर्षांनी दुसऱ्याकडे गेला. चौकातली बाळे मात्र तिच्या हातातच आहेत.

मोठी भाषणे करून रूढी मोडत नाहीत आणि नुसत्या कायद्यानेही मोडत नाहीत, हे तिच्या आयुष्याने दाखवले. ज्याला लोक अशुभ म्हणतात, त्याला उचलून आपल्या घरात, आपल्या ताटाशी बसवावे लागते आणि मग वर्षानुवर्षे थांबावे लागते. आपल्याभोवतीही अशी मडकी आहेत, ज्यांच्याजवळून आपण नाक मुरडून पुढे जातो. त्यांत काय आहे हे वाकून पाहण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांत आहे? गिरणीत राबणाऱ्या एका मुलीत ते होते. तेवढे आठवले, तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.