सेमूर क्रे

सेमूर रॉजर क्रे (जन्म : २८ सप्टेंबर १९२५, मृत्यू : ५ ऑक्टोबर १९९६) हे अमेरिकन विद्युत अभियंते व महासंगणकांचे रचनाकार होते. सीडीसी ६६००, सीडीसी ७६०० आणि क्रे-१ हे आपापल्या काळातील जगातील सर्वांत वेगवान संगणक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. प्रोसेसर, सर्किट बोर्ड, तारांची लांबी आणि शीतकरण यांचा एकत्रित विचार हे त्यांच्या रचनापद्धतीचे वैशिष्ट्य होते.

पूर्वायुष्य

क्रे यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या गावी झाला. त्यांचे वडील स्थापत्य अभियंते होते. लहानपणी त्यांनी जोडणीच्या खेळण्यातील सुट्या भागांपासून छिद्रित कागदी पट्टीचे मोर्स संकेतांत रूपांतर करणारे उपकरण बनवले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात रेडिओचालक म्हणून काम केले. पुढे मिनेसोटा विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९५१ साली उपयोजित गणितातील पदव्युत्तर पदवी त्यांनी संपादन केली. सेंट पॉल येथील इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत त्यांनी संगणकरचनेस प्रारंभ केला.

कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन

१९५७ साली स्थापन झालेल्या या कंपनीत क्रे लवकरच दाखल झाले. १९६२ साली त्यांच्यासाठी चिपेवा फॉल्स येथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्यात आली. १९६४ साली आलेल्या सीडीसी ६६०० मध्ये त्यांनी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर वापरले. माहितीची ने-आण दहा लहान परिघीय प्रोसेसरांकडे सोपवल्यामुळे मुख्य प्रोसेसर केवळ गणनेसाठी मोकळा राहिला. दाटीने बसवलेल्या भागांची उष्णता फ्रेऑन वायूच्या साहाय्याने काढून घेतली जाई. अवघ्या ३४ जणांच्या चमूने आपल्या विशाल कंपनीला मागे कसे टाकले, असा जाब आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन (कनिष्ठ) यांनी १९६३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना विचारला होता.

सीडीसी ७६०० नंतर हाती घेतलेला चार प्रोसेसरांचा सीडीसी ८६०० मात्र अपयशी ठरला. त्यातील भागांची दाटी इतकी होती की यंत्र भरवशाने चालेना. नव्याने आरंभ करण्यास कंपनीकडे पैसा नव्हता. १९७२ साली क्रे यांनी कंपनी सोडून क्रे रिसर्चची स्थापना केली.

क्रे-१

१९७६ साली पहिला क्रे-१ लॉस अलामोस प्रयोगशाळेत चाचणीसाठी बसवण्यात आला. या वेळी क्रे यांनी एकच प्रोसेसर ठेवला आणि तो केवळ चार प्रकारच्या चिप वापरून उभा केला. घड्याळाचा एक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा होता. प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापतो. तारेतील संकेत त्याहून मंद असतो. त्यामुळे कोणतीही तार चार फुटांहून लांब न ठेवण्याचे बंधन पाळण्यात आले. यंत्राचा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा आकार याच गरजेतून आला. सर्किट बोर्डांच्या प्रत्येक जोडीमध्ये तांब्याचा पत्रा बसवून उष्णता फ्रेऑनच्या नळ्यांपर्यंत नेली जाई. भोवतालच्या गादीदार बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा होती. पहिल्या यंत्रात स्मृतीतील चूक आपोआप दुरुस्त करण्याची सोय नव्हती; चाचणीतील अनुभवानंतर पुढील यंत्रांत ती करण्यात आली. अशी ८० हून अधिक यंत्रे विकली गेली.

उत्तरकाल आणि मृत्यू

१९८५ सालच्या क्रे-२ मध्ये सर्किट बोर्ड वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. क्रे एरवी कसोटीला उतरलेले सुटे भाग निवडत. क्रे-३ साठी मात्र त्यांनी सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडच्या चिप निवडल्या. त्या वेगवान असल्या तरी त्यांचे उत्पादन कठीण होते. या कामासाठी १९८९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे वेगळी कंपनी स्थापन झाली. एकच क्रे-३ बाहेर पडला आणि मार्च १९९५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. थोड्या शक्तिशाली प्रोसेसरांवर भर देणारे क्रे अखेर अनेक सामान्य प्रोसेसर जोडण्याच्या मार्गाकडे वळले. त्यासाठी १९९६ साली त्यांनी आणखी एक कंपनी काढली. परंतु २२ सप्टेंबर रोजी झालेल्या मोटार अपघातातील दुखापतींमुळे त्यांचे निधन झाले.

भारताशी संबंध

१९८० च्या दशकात भारताला हवामान अंदाजासाठी क्रे रिसर्चचा एक्स-एमपी हा महासंगणक अमेरिकेकडून कडक अटींवर मिळाला. (त्याची रचना मुख्यतः स्टीव्ह चेन यांची होती.) अशा निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ साली परम ८००० तयार झाला. त्यात अनेक लहान प्रोसेसर एकाच वेळी काम करीत, म्हणजे क्रे यांनी दीर्घकाळ टाळलेला मार्ग भारताने स्वीकारला.

सन्मान

उच्च क्षमतेच्या संगणकांच्या रचनेतील कार्यासाठी आयईईई ही संस्था सेमूर क्रे यांच्या नावाने पुरस्कार देते.