भास्कराचार्यांचे न थांबणारे चाक

शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये, सह्याद्रीच्या कुशीतील विज्जडविड या गावी शांडिल्य गोत्रातील ज्योतिर्विद महेश्वर यांच्या घरी भास्कराचार्यांचा जन्म झाला. पिता हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्धीस नेला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचे स्पष्ट प्रतिपादन आहे. त्याच ग्रंथातील यंत्राध्यायात आपोआप फिरणाऱ्या चाकाचेही वर्णन येते. हलक्या लाकडाचे चाक, समान अंतरावर पोकळ आरे, त्यांत निम्मा पारा, तोंडे पक्की बंद. असे चाक आसावर बसवले की ते स्वतःच फिरत राहील, अशी ही कल्पना. ब्रह्मगुप्ताने ती पाच शतके आधीच मांडली होती. पुढे तेराव्या शतकात युरोपातही अशी चाके कागदावर उतरली.

चाक मात्र फिरत राहत नाही. एका फेऱ्यात पारा जितका खाली येतो, तितकाच त्याला वर चढावे लागते. शिल्लक काहीच उरत नाही आणि घर्षण ते थांबवते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम १८४० च्या दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कार्यातून प्रस्थापित झाला. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातील इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये चालणाऱ्या यंत्रालाही वीज पुरवावीच लागते.

मोह मात्र संपला नाही. २००१ पासून ब्रिटिश अभियंता रॉजर शॉयर यांनी काहीही मागे न फेकता पुढे जाणाऱ्या ‘ईएमड्राइव्ह’चा पुरस्कार केला. २०१६ मध्ये नासाच्या एका गटाने किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा नोंदवला. हे प्रमाण कायम राहिले, तर सेकंदाला सुमारे ८३३ किलोमीटर वेगानंतर यानाला मिळणारी गतिज ऊर्जा खर्चिलेल्या विजेहून अधिक होईल, म्हणजे पुन्हा तेच पाऱ्याचे चाक. २०२१ मध्ये ड्रेस्डेन विद्यापीठातील काटेकोर मोजणीत असा रेटा आढळलाच नाही.

एका फसव्या कल्पनेने आचार्यांचे मोठेपण उणावत नाही. ११८३ मध्ये, उतारवयात, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, याची साक्ष चाळीसगावजवळील पाटणचा शिलालेख देतो. सर्व यंत्रांत आचार्यांनी बुद्धीच्या यंत्राला, धीयंत्राला, श्रेष्ठ मानले. त्यांच्याच चाकाची चूक अखेर त्याच यंत्राने दाखवली.