विश्लेषण : किडन्या निकामी झाल्यावरही जयप्रकाश नारायण चार वर्षे कसे जगले?

२६ जून १९७५ च्या पहाटे जयप्रकाश नारायण यांना दिल्लीत अटक झाली. आणीबाणीतील स्थानबद्धतेचा बराचसा काळ त्यांनी चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात काढला. १२ नोव्हेंबरला सुटका झाली, तेव्हा ७३ वर्षांच्या जेपींची प्रकृती ढासळलेली होती. त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले. निदान होते, किडन्या निकामी.

किडनी काय काम करते?

प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक पुन्हा रक्तात जातो आणि उरलेल्या दीड-दोन लिटरची लघवी होते. हे काम थांबले की युरिया रक्तात साठतो, अंगावर सूज येते, फुप्फुसांत पाणी भरते. पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडू शकते.

डायलिसिसमध्ये काय होते?

रुग्णाचे रक्त यंत्रातल्या पातळ पडद्यावरून फिरवतात. पडद्यापलीकडच्या द्रवात घाण आणि जादा पाणी उतरते, स्वच्छ रक्त शरीरात परतते. एका वेळेस साधारण चार तास लागतात आणि आठवड्यातून दोन-तीनदा हे करावे लागते. यामुळे किडनी बरी होत नाही, फक्त तिचे काही काम यंत्र करते.

जेपी अखेरपर्यंत डायलिसिसवरच होते. तरीही १९७७ च्या निवडणुकीत ते प्रचाराला उतरले. जनता पक्ष जिंकला आणि केंद्रात पहिले बिगर-काँग्रेस सरकार आले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची घोषणा थेट लोकसभेत झाली! प्रत्यक्षात त्यांचे निधन ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात झाले. ७७ व्या वाढदिवसाला तीनच दिवस उरले होते.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

जेपींना मधुमेहही होता. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणे आहेत. बरेचसे काम बंद पडेपर्यंत किडनी दुखत नाही, लघवीही होत राहते. म्हणून यापैकी एक जरी आजार असेल, तर वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्या.