खडकीच्या पोटातले पाणी

१६०२ साली नांदेडजवळ एक लढाई झाली. एका बाजूला मिर्झा इरज, म्हणजे दोहे लिहिणाऱ्या अब्दुर रहीम खानखानानचा मुलगा. दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा हबशी सरदार मलिक अंबर. अंबर हरला, जबर जखमी झाला, आणि साथीदारांनी रणातून उचलून नेले म्हणून वाचला. भोकर-नांदेडकडच्या आपल्या लोकांना ही लढाई फारशी ठाऊक नसते. त्या दिवशी तो मेला असता तर मराठवाड्याच्या इतिहासातून एक शहर वजा झाले असते, आणि त्या शहराचे पाणीही.

अंबरचा जन्म इथिओपियातला, १५४८ च्या सुमाराचा. घरचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात गेला आणि हात बदलत बगदादला पोचला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहाय-वाचायला शिकवले, हिशेब शिकवला, अंबर हे नावही दिले. पुढे दख्खनमध्ये त्याला विकत घेतले ते अहमदनगरचा वजीर चंगेजखान याने. हा वजीरही एके काळचा हबशी गुलामच. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला आणि शिपाईगिरी करू लागला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा त्याने परांड्याला निजामशाहीच्या वारसाला गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे राज्य स्वतः चालवले. मराठा सरदारांना बरोबर घेऊन त्याने केलेला गनिमी कावा आणि जमिनीची प्रत पाहून सारा ठरवणारी त्याची पद्धत शाळेच्या पुस्तकात असते. पाण्याला मात्र तिथे एखादी ओळ मिळते.

१६१० मध्ये त्याने खडकी गावाला राजधानीचे रूप द्यायला घेतले. नावच खडकी! खाली काळा पाषाण, वर पातळ माती, जवळची खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. तलाव बांधून पाणी उघड्यावर साठवले तर निम्मे उन्हात उडून जाते आणि उरलेले गढूळ होते. त्याने पाणी जमिनीवर शोधलेच नाही. शहराच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीकडे डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारे भूजल त्याने भुयारात गोळा केले. भुयाराला अगदी बेताचा उतार ठेवला. ठरावीक अंतरावर उभे मनोरे-विहिरी काढल्या, म्हणजे माणसाला आत उतरून गाळ काढता येईल. पाणी माती-मुरमातून गाळून येई आणि झाकलेल्या वाटेने शहरात उतरे. मध्ये जागोजागी बंबे, म्हणजे उभे खांब. त्यातून हवा निघून जाई आणि पाण्याचा दाब सावरला जाई. तिथून ते हौदांना आणि वस्त्यांना वाटले जाई. ना रहाट, ना मोट, ना बैल. हीच नहर-ए-अंबरी.

ही युक्ती मुळात इराणकडची, कनात किंवा कारेज म्हणतात ती. उदगीरच्या पलीकडे बिदरला बहामनी काळातले नौबादचे कारेज आहे, आपल्याला अगदी जवळचे. अंबरने ही गोष्ट बगदादकडे पाहिली की दख्खनमध्ये, याचा पुरावा नाही. मला दख्खनच जवळचे वाटते. गंमत अशी की त्याच सुमारास बुऱ्हाणपुरात खानखानानच्या अमलात असेच भूमिगत भांडारे खोदले गेले. रणात समोरासमोर उभे राहिलेले हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेचे.

१६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत त्याच इरजने, आता शाहनवाजखान म्हणून, अंबरला पुन्हा हरवले आणि मोगल फौजेने खडकी जाळली. १६२१ मध्ये आणखी एकदा. घरे, वाडे, बागा गेल्या. गाव पुन्हा बांधले गेले. १६२४ ला भातवडीच्या रणात त्याने मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या एकत्र फौजेला हरवले, तेव्हा त्याचे वय पंचाहत्तरच्या पुढे होते. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत शहाजीराजे होते. जहांगीर बादशहाला तो जिवंतपणी कधी सापडला नाही. मग बादशहाने भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारत आहोत, असे चित्रच काढून घेतले.

१६२६ मध्ये अंबर गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. शहराचे नाव आधी फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नहर पुढे निजामाच्या अमलातही वाहत होती, आणि तिच्याच धर्तीवर शहरात आणखी नहरी निघाल्या; पाणचक्कीची त्यातलीच. आज शहर जायकवाडीचे पाणी विजेच्या पंपांनी चढावर ओढते आणि तेही लोकांना दिवसांच्या अंतराने मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरने मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले. आणि अंबरच्या नहरीवर कुठे इमारत उभी आहे, कुठे रस्ता खोदताना भुयार फुटले आहे, कुठे उतरायच्या विहिरीत कचरा पडतो आहे.