मातीच्या बाहुल्या आणि डॉ. भाऊ दाजी

माझे आजोबा भायखळ्याच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या बोलण्यात राणीच्या बागेतल्या संग्रहालयाचा उल्लेख नेहमी अजबखाना असाच यायचा. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला प्रथम तेथे नेले. खरे म्हणजे मला वाघ पाहायचा होता. अजबखाना वाटेत लागला, एवढेच. आत शिरताच आजोबा दारातच थबकले. त्यांच्या आठवणीतली वास्तू काळोखी होती, भिंतींना ओल आलेली, कपाटांच्या काचा धुरकट झालेल्या. समोर मात्र हिरव्या-सोनेरी रंगांनी उजळलेले दालन उभे होते. आपण चुकून दुसरीकडेच तर आलो नाही ना, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला.

बाहेर पडताना मी त्यांना पाटीवरच्या नावाविषयी विचारले. पैसे देऊन इमारत बांधणारा तो कोणी मोठा शेठ असावा, असे त्यांनी सांगितले. मलाही ते पटले. इमारतीवर नाव लागते ते पैसेवाल्याचेच, असा आपला साधा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा होता, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले.

भाऊ दाजी लाड यांचा जन्म १८२० नंतरच्या दशकात गोमंतकाच्या उत्तर सीमेकडील एका खेड्यात झाला. घरची गरिबी होती. आईवडील मातीच्या बाहुल्या विकून प्रपंच चालवीत. मुलगा मात्र बुद्धिबळात भल्याभल्यांना मात देई. त्याची ही चमक एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडली आणि मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे त्याने वडिलांच्या मनावर ठसविले, असे सांगतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत भाऊ शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. त्याच सुमारास काठेवाड व कच्छमधील बालहत्येच्या रूढीवर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला सहाशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर हातची शिक्षकाची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ साली पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गोरगरिबांना मोफत औषधपाणी केले.

एवढ्यावर थांबते तर एक नामांकित डॉक्टर म्हणून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. पण थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते एक चिटणीस होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव होते. मुलींच्या शाळांना त्यांनी हातभार लावला, विधवाविवाहाची बाजू घेतली. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात एका बलाढ्य धर्मगुरूविरुद्ध वैद्यकीय साक्ष देण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. रोगी तपासून उरलेला वेळ ते जुन्या शिलालेखांना आणि संस्कृत हस्तलिखितांना देत. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनी वाचले. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या तरुण संशोधकाला हाताशी धरून दूरदूरच्या प्रांतांत पाठविले.

कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केले. खात्री पटेपर्यंत औषध गुप्त ठेवले म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. मला वाटते, ती अगदीच अनाठायी नव्हती. कारण संशोधन पुरे होण्याआधीच आयुष्य सरले. थोर माणसाच्या चरित्रातला हा उणेपणा झाकण्याचे कारण नाही.

संग्रहालयाची हकिगतही अशीच अडथळ्यांची आहे. त्याचे पहिले रूप फोर्टातील एका बराकीत होते. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत ती जागा लष्कराला हवी झाली आणि जमविलेल्या वस्तूंची फेकाफेक होऊन बरेच नुकसान झाले. १८५८ मध्ये जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी स्वतंत्र इमारतीसाठी वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. १८६२ च्या नोव्हेंबरात सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्या वेळी मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता. अमेरिकेतील यादवी संपली आणि १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला. त्याच वर्षी नाना शंकरशेट वारले. भाऊंची स्वतःची मिळकतही त्या पडझडीत बुडाली. वर्गणीचा ओघ आटला आणि अखेर सरकारने काम पुरे केले. २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांना खुले झाले. ३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी निवर्तले. म्हणजे आपण पाहिलेले स्वप्न उभे राहिलेले पाहायला त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली.

पुढे शंभर वर्षे पाटीवर राणीचे आणि तिच्या पतीचे नाव राहिले. १९७५ साली तेथे भाऊ दाजींचे नाव आले. पण नुसते नाव बदलून वास्तू सावरत नाही. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन जीर्णोद्धार हाती घेतला. वरून चढविलेल्या रंगांखाली दडलेले मूळ रंग शोधण्यात आले. ओतीव लोखंडाचे खांब व कठडे, छतावरील नक्षी, सोनेरी वर्ख, जमिनीवरील फरशा असे एकेक काम कुशल हातांनी पूर्ववत केले. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाचा सर्वोच्च पुरस्काराने गौरव केला आणि २००८ च्या जानेवारीत दारे पुन्हा उघडली. मागील बाजूच्या जुन्या बांधकामांचीही डागडुजी होऊन प्रदर्शनांसाठी जागा निघाली. पुढे नव्या दालनासाठी स्पर्धा झाली आणि २०१४ मध्ये अमेरिकन वास्तुशिल्पी स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडण्यात आला. जुन्याला धक्का न लावता नव्याला जागा कशी करावी, हा प्रश्न वास्तूचा तसा आपलाही आहे.

हे सारे वाचून झाल्यावर एका रात्री मी आजोबांपाशी बसलो आणि तो शेठ नव्हता, बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा होता, हे त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला पुन्हा तेथे नेण्यास सांगितले. या खेपेला ते सोनेरी छताकडे न पाहता थेट मातीच्या प्रतिकृतींच्या कपाटापाशी गेले. निरनिराळ्या जातिधर्मांची, निरनिराळे धंदे करणारी ती चिमुकली माणसे. त्या प्रतिकृती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, भाऊंच्या मागाहून घडविलेल्या. त्यांच्या आईवडिलांच्या टोपलीशी त्यांचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी ते बोललो नाही. काचेला नाक लावून माझे आजोबा त्यांत कोणा ओळखीच्याला शोधत होते. अजबखाना हा शब्द मात्र त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. ते आता भाऊंचे संग्रहालय असे म्हणतात; घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे, तसे.